कागदाचा कपटा आणि तांब्याची कड

स्थिरचित्राच्या वर्गांतून हल्ली मिश्र माध्यमाचा सराव फार लवकर सुरू होतो. कोळसा, जलरंग, तेलखडू, वर्तमानपत्राचे तुकडे आणि डिंक एवढे साहित्य हाती आले की शिकणाऱ्याला उत्साह वाटतो, आणि तो वाटावाच. परंतु दिल्लीतील अशा एका वर्गाची चित्रे पाहताना माझे मन साशंक झाले. समोर मांडलेला पितळी तांब्या व दोन लिंबे पुरती न्याहाळण्याआधीच ही सामग्री उधळली गेली होती. तांब्याची कड जेथे साधली नव्हती, नेमका तेथेच छापील कपटा येऊन बसला होता. (चिकटवलेल्या कागदाखाली काय दडते, हे कचेरीत पुष्कळ पाहायला मिळते.)

या रीतीचे मूळ पाहावे. पिकासोने १९१२ मध्ये वेताच्या विणीचा छाप असलेले मेणकापड एका स्थिरचित्रात चिकटवले व त्या लंबगोलाला दोराची चौकट दिली. त्याच वर्षी ब्राकने आव्हिन्यो येथील दुकानातून लाकडाच्या रेषांचा छापील कागद आणून फळांची बशी व पेला यांचे चित्र केले. रंगाऱ्याचे काम शिकलेल्या ब्राकला लाकडाचा आभास कुंचल्याने निर्माण करणे सहज शक्य होते. म्हणजे कागद त्याच्या असमर्थतेची सोय नव्हता. त्या चित्रात लाकडाचा रंग व पोत कागद सांगतो, आकार मात्र कोळशाची रेषा सांगते. खालच्या पट्टीवर रेषेने मूठ काढली, आणि तो कागद टेबलाचा खण झाला. एकाचे काम दुसऱ्यावर ढकललेले नाही. वर्गात शिकवायची ती ही कामाची वाटणी, आणि नेमकी तीच तेथे सांगितली गेल्याचे चित्रांवरून दिसत नव्हते.

अपवाद एकाच चित्राचा. त्यात तांब्यावरची चकाकी आधी पांढऱ्या तेलखडूने काढून मग तपकिरी जलरंगाचा हात फिरवला होता. खडूच्या तेलकट थरावर पाणी ठरत नाही. त्यामुळे उजेड आपोआप मोकळा राहिला. या पद्धतीत उजेड कोठे पडतो ते अगोदर ठरवावे लागते, व ठरवण्यासाठी तांब्याकडे बराच वेळ पाहावे लागते. त्या चित्रातील लिंबे ओबडधोबड होती, पंचाची घडी तर अगदीच फसलेली होती. पण तांब्या पाण्याने भरलेला वाटत होता.