साडेचार वर्षांचा आकडा कुठून आला?

मागच्या महिन्यात कोथरूडहून मावसबहिणीचा फोन आला. "ताई, फ्रेंच बुलडॉगचं पिल्लू घ्यायचं ठरतंय. पण ही कुत्री साडेचार वर्षंच जगतात म्हणे. खरं का?" माझी पीएचडी कुत्र्यांवर नाही, पण पेपर वाचता येतो. म्हणून मूळ पेपर काढून वाचला.

तो २०२२ साली 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये आला. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या 'व्हेटकंपास' प्रकल्पाकडे ब्रिटनमधल्या दवाखान्यांच्या नोंदी असतात. त्यातून २०१६ ते २०२० या काळात मेलेली ३०,५६३ कुत्री घेऊन जीवनसारणी बनवली. विमा कंपन्या माणसांसाठी वापरतात तशीच. जन्माच्या वेळचं अपेक्षित आयुर्मान सगळ्या कुत्र्यांचं मिळून ११.२३ वर्षं, जॅक रसेल टेरियरचं १२.७२ आणि फ्रेंच बुलडॉगचं ४.५३ निघालं. सात वर्षांच्या कुत्र्याची अजून किती वर्षं उरलीत, हेही सारणी सांगते. ही या कामाची खरी जमेची बाजू.

आता अडचण बघा. समजा, हिंजवडीत २०१० साली एक कॉलेज निघालं. तिथल्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे वारले, त्यांचंच सरासरी वय काढलं तर ते तिशीच्या आसपास येईल. १८८५ सालच्या फर्ग्युसनचं काढलं तर कितीतरी जास्त. म्हणून हिंजवडीचं कॉलेज जिवाला घातक ठरतं का? नाही. तिथले बहुतेक जण अजून जिवंत आहेत आणि ते हिशोबातच नाहीत.

फ्रेंच बुलडॉगचं तेच झालं. ब्रिटनमध्ये ही जात गेल्या दशकात अचानक वाढली. २०१८ साली केनेल क्लबच्या नोंदणीत तिने लॅब्राडोरलाही मागे टाकलं. म्हणजे बहुतेक कुत्री वयाने लहान, आणि मेलेल्यांत लवकर मेलेलीच जास्त दिसणार. आकडेमोड चुकलेली नाही, पण तो आकडा बहिणीच्या प्रश्नाचं उत्तर नाही.

२०२४ साली त्याच जर्नलमध्ये ५,८४,७३४ कुत्र्यांचा अभ्यास आला. त्यात जिवंत कुत्रीही धरली होती. 'हे कुत्रं निदान इतकी वर्षं तरी जगलं' ही माहिती फेकून द्यायची नाही, याला सेन्सॉरिंग हाताळणं म्हणतात. तिथे फ्रेंच बुलडॉगचा मध्यक ९.८ वर्षं आला, सगळ्या कुत्र्यांचा १२.५. एक सरासरी, दुसरा मध्यक, तेव्हा दोन्ही पेपरांतल्या आकड्यांची सरळ वजाबाकी करू नका.

पण इथे थांबून "चला, घ्या पिल्लू" म्हणणं ही दुसरी चूक. दुरुस्त केलेला आकडाही कमीच आहे. शिवाय दोन्ही पेपर वर्षं मोजतात, श्वास मोजत नाहीत. चपट्या तोंडाच्या कुत्र्यांत कवटी आखूड झाली, पण आतला मऊ टाळू त्या प्रमाणात आखूड झाला नाही, नाकपुड्याही अरुंद. कुत्रं अंग थंड करतं ते मुख्यतः धापा टाकून, आणि नेमकं तेच याला नीट जमत नाही. दोन्ही नमुने ब्रिटनचे. पुण्यातला एप्रिल त्यांत कुठेच नाही.

संशोधनाला लागणाऱ्यांनी यातून एक सवय उचलावी: आकडा धक्कादायक वाटला की आधी विचारा, नमुन्यात कोण नाही? आणि आकडा खोडून काढता आला, की लगेच विचारा, मूळ काळजी तरी खोटी होती का?

बहिणीला मी एवढंच सांगितलं: पिल्लाच्या आईला प्रत्यक्ष बघ, ती दहा मिनिटं चालल्यावर श्वासाचा आवाज ऐक, पैसे देण्याआधी पिल्लू डॉक्टरला दाखव, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकणं २०१७ च्या नियमांनुसार चालत नाही हे लक्षात ठेव. तिने विकणाऱ्याकडे पिल्लाची आई बघायला मागितली. "ती गावाला आहे" असं उत्तर आलं. खरेदी सध्या थांबली आहे.