ढंग जपानचा, फुले घरची

सिडनीच्या आर्ट गॅलरी ऑफ न्यू साउथ वेल्समध्ये मार्गारेट प्रेस्टन (१८७५–१९६३) या चित्रकर्तीची लाकडी ठशांची चित्रे आहेत. मुलानातवंडांकडे तिकडे जाणाऱ्या आपल्या मंडळींनी, ती मांडलेली असतील तेव्हा, जरूर पाहावीत.

या चित्रांचा ढंग जपानचा. तिथे एकाने चित्र काढायचे, दुसऱ्याने ते चेरीच्या लाकडावर कोरायचे, तिसऱ्याने छापायचे आणि प्रकाशकाने विकायचे, अशी कामाची वाटणी असे. रंगागणिक बहुधा वेगळा ठसा लागे. होकुसाईची १८३१च्या सुमाराची प्रसिद्ध लाट अशीच छापली गेली. तिची एक प्रत मेलबर्नच्या नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरियाने १९०९ सालीच विकत घेतली होती.

प्रेस्टनबाईंनी जपानी चित्रांचा अभ्यास केला, पण नुसती नक्कल केली नाही. त्या ठसा स्वतः कोरत, काळ्या शाईने छापत आणि मग हाताने रंग भरत. जपानी चित्रातले आकाश हळूहळू फिकट होत जाते. ती नजाकत यांच्याकडे नाही. यांचा रंग सपाट, रेघ काजळासारखी ठसठशीत. बंदराच्या चित्रांत ती कधी कधी जड वाटते. पण बँक्सिया, वॉराटा अशा राठ रानफुलांना तीच रेघ शोभून दिसते. विलायती गुलाबाऐवजी ही घरची फुले त्यांनी मानाने फुलदाणीत मांडली, हे त्यांचे मोठे काम.

हे आपल्याला नवे नाही. आपल्या वाडवडिलांनी कीर्तनाचा ढंग शेजाऱ्यांकडून घेतला आणि त्यात योसेफ, मोशे यांच्या कथा गायल्या. ढंग दुसऱ्यांचा, पण गाणे आपले झाले.

एक गोष्ट मात्र खटकते. १९२०च्या दशकात प्रेस्टनबाईंनी लेख लिहून, ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांची नक्षी घरातल्या शोभेच्या वस्तूंवर वापरावी, असा आग्रह धरला. त्या नक्षीत त्या लोकांच्या पूर्वजांच्या आणि जमिनीच्या कथा असतात. त्यांचा अर्थ त्या लोकांना न विचारता नुसता आकार उचलणे बरे नव्हे. आपल्या तोरातल्या अक्षरांची कोणी केवळ वेलबुट्टी केली, तर आपल्याला कसे वाटेल?

म्हणून त्यांची फुलांची चित्रे मला श्रेष्ठ वाटतात. तिथे त्यांनी घेतलेले कसब मेहनतीने आपलेसे केले आहे. नातवंडांना ती चित्रे दाखवताना ही दुसरी बाजूही सांगावी.