चापेकरांचें ‘बदलापूर’ आणि बुद्धिमापनाचीं कोष्टकें

कै. नारायण गोविंद चापेकर यांचें ‘बदलापूर’ हें पुस्तक १९३३ सालीं प्रसिद्ध झालें. पुढच्याच वर्षीं बडोद्याच्या साहित्यसंमेलनाचें अध्यक्षपद ग्रंथकारांस मिळालें. आणि योगायोग असा कीं, त्याच १९३४ सालीं श्री. व्ही. व्ही. कामत यांनीं कानडी व मराठी मुलांकरितां सुधारून घेतलेलें बिने-पद्धतीचें कोष्टक विलायतेंतील एका शिक्षणविषयक मानसशास्त्राच्या नियतकालिकांत मांडलें. ‘मेझरिंग इंटेलिजन्स ऑफ इंडियन चिल्ड्रेन’ हा त्यांचा ग्रंथ १९४० चा. पहिलें पुस्तक आमच्या पुष्कळ वाचकांच्या संग्रहीं असेल. दुसऱ्याकडे कोणी ढुंकूनहि पाहिलें नसेल, आणि तें स्वाभाविक आहे. जुन्या कागदांच्या शोधांत असणाऱ्यानें मुलांच्या परीक्षा कशाला वाचाव्या? तथापि हे दोन ग्रंथ शेजारीं ठेवून वाचले असतां एक प्रश्न उभा राहतो, आणि तो आमच्याच शास्त्राचा आहे. ज्यानें कागद मागें ठेवला नाहीं, अशा माणसाचें मन परक्यानें कोणत्या पुराव्यावर सांगावें?

कोष्टकाचा मूळ इतिहास थोडक्यांत असा. बिने व सिमों यांनीं १९०५ सालीं पॅरिस येथें शाळेंत मागें पडणारीं मुलें ओळखण्यासाठीं तें रचिलें. १९१६ सालीं टर्मन यांनीं अमेरिकेंत त्याचा विस्तार केला, व पुढें जगभर तेंच प्रमाण होऊन बसलें. त्यांतील एक प्रश्न पाहा. शाळेस निघतांना पाऊस पडत असेल तर काय करावें? छत्री घ्यावी, अंगरखा घालावा, हें उत्तर बरोबर. घरीं राहावें, हें चूक. हा प्रश्न उल्हास नदीच्या कांठीं विचारून पाहावा. ता. २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यांत अडकली व हजारांच्या घरांत प्रवासी बाहेर काढावे लागले. जेथें आगगाडी पाण्यांत उभी राहते, तेथें मुसळधारेंत पोराला घरांत ठेवणारी आई शहाणी कीं अडाणी, हें टर्मनसाहेबांच्या उत्तरांवरून ठरवूं लागल्यास अनर्थ होईल. दुसरी कसोटी हरवलेल्या चेंडूची. कागदावर एक वर्तुळ काढलेलें असतें. तें शेत समजून चेंडू कसा शोधाल तें पेन्सिलीनें रेखून दाखवावयाचें. बांधावरचें उंदराचें बीळ अचूक हुडकणारें कातकऱ्याचें पोर शेत कसें धुंडाळावें हें जाणत नाहीं, असें कोण म्हणेल? पण त्याच्या हातीं पेन्सिल पहिल्यानेंच आली, तर कागदावर कांहींच उमटत नाहीं. आणि जें उमटलें नाहीं तें त्याच्या बुद्धींत नाहीं, असें गणित मांडलें जातें.

कामतांस या अडचणीची जाणीव नव्हती, असें म्हणणें अन्यायाचें होईल. नुसतें भाषांतर करून भागत नाहीं, प्रश्न नव्यानें लावून पाहावे लागतात, हें त्यांनीं ओळखलें म्हणूनच तें कोष्टक ‘सुधारलेलें’ झालें. परंतु परीक्षा दिली ती धारवाडकडील मुलांनीं. शाळेच्या बांकावर बसून परक्या गृहस्थाच्या प्रश्नास उत्तर देण्याची संवय ही स्वतः एक विद्या आहे. ती ज्याच्या घरीं पिढीजात आहे, त्यास कोष्टक अर्धें आधींच सुटलेलें असतें. धारवाडच्या शाळेवरून ठाकूरवाडीचें मोजमाप करूं नये, एवढें सांगण्यास मानसशास्त्री असावें लागत नाहीं.

आमच्या मतें खरा दोष याहून खोल आहे. आम्ही एखादा महजर हातीं घेतों तेव्हां तो कोणी लिहविला, कोणत्या तंट्यांत, कोणासमोर, साक्षी कोण, हें आधीं पाहतों. शिक्का व वळण तपासतों. आणि मगच त्यांतील वाक्य पुरावा म्हणून वापरतों. मुलाचें उत्तर हाहि एक कागदच. परंतु त्याचा अंक होतांच प्रश्न, विचारणारा, स्थळ हें सर्व गळून पडतें व नुसता आंकडा देशोदेशीं फिरूं लागतो. मिती, स्थळ व साक्ष नसलेल्या कागदावर आम्ही निवाडा करणार नाहीं. आंकड्याला मात्र ही सवलत कां?

लुरिया या रशियन पंडिताचें उदाहरण येथें फार बोधक आहे. त्यानें १९३१-३२ सालीं उझबेकिस्तानांतील शेतकऱ्यांस कोडीं घातलीं (निष्कर्ष प्रसिद्ध झाले ते १९७४ सालीं). दूर उत्तरेस बर्फ असतें तेथें सगळीं अस्वलें पांढरीं. अमुक गांव उत्तरेस आहे. तर तेथील अस्वलें कोणत्या रंगाचीं? कित्येकांनीं सांगितलें कीं, आम्हीं तो गांव पाहिला नाहीं, न पाहिलेलें सांगत नाहीं. लुरियानें यास निरक्षर मनाची मर्यादा मानिलें. आमच्या गोतसभेंत याच उत्तरास चांगली साक्ष म्हटलें असतें.

हा प्रकार जुना झाला असेंहि नाहीं. आर्नेट यांनीं २००८ सालीं अमेरिकेंतील सहा प्रमुख मानसशास्त्रीय नियतकालिकांतील २००३ ते २००७ चे लेख तपासले. त्यांतील शेंकडा ६८ पात्रें अमेरिकेंतील व शेंकडा ९६ पाश्चात्त्य औद्योगिक देशांतील निघालीं. हेनरिक, हाइन व नोरेन्झायन यांनीं २०१० सालीं दाखविलें कीं, ज्या विद्यार्थ्यांवरून ‘मनुष्यस्वभाव’ ठरविला जातो, तेच जगांत सर्वांत अपवादात्मक आहेत.

आतां चापेकरांकडे वळूं. त्यांचा मोठा गुण असा कीं, ते ज्या गांवाविषयीं लिहितात त्या गांवांत राहतात. आत्र्यांच्या ‘गांवगाड्या’नें (१९१५) गांव हा विषय मराठींत आणिला, डॉ. मॅन यांनीं १९१७ सालीं पिंपळें सौदागरची शेती मोजली. चापेकरांनीं एकाच गांवाचें सबंध जीवन टिपलें. १८८२ च्या ठाणें गॅझेटियरांत एकेका जातीचा स्वभाव दोन ओळींत उरकून टाकण्याची जी रीत दिसते, तिच्यापुढें हें काम कितीतरी प्रामाणिक आहे. पण ग्रंथकार निवृत्त न्यायाधीश होते, हेंहि वाचकानें विसरूं नये. न्यायाधीशानें घरखर्च विचारला तर कूळ कर्ज किती सांगेल व दारू किती सांगेल? शेजारीपणानें हा दाब कमी होतो, नाहींसा होत नाहीं. कोष्टकाची उणीव व ग्रंथाची उणीव एकाच जातीच्या आहेत. फरक इतकाच कीं, ‘बदलापूर’ वाचणारास विचारणारा कोण हें ठाऊक असतें, म्हणून त्याला वजावाट करितां येते. त्यामुळेंच आम्हीं या ग्रंथाचें मोल अधिक धरितों. ठाकुरांविषयीं ज्यांस अधिक पाहिजे असेल त्यांनीं ल. ना. चापेकर यांचा १९६० चा इंग्रजी ग्रंथ पाहावा.

बदलापूर आतां गांव राहिलें नाहीं. २०११ च्या शिरगणतींत तेथील वस्ती पावणेदोन लाखांच्या घरांत गेली. आसपासच्या जुन्या शाळांचे हजेरीपट, दाखले, परीक्षांचे कोरे व भरलेले तक्ते अजून कोणाच्या माळ्यावर असतील तर ते रद्दींत जाण्यापूर्वीं जपावे, आणि उत्तराबरोबर प्रश्नाचा कागदहि ठेवावा.