अतिवाहकाविषयीचे एक अर्धे वाक्य

‘अतिवाहकाचा विद्युतरोध शून्य असतो, म्हणून त्यात ऊर्जा मुळीच वाया जात नाही.’ परिचयपर लेखांत आणि वर्गात हे वाक्य हटकून भेटते. आम्हीही ते अनेकदा उच्चारले आहे. १९११ मध्ये कॅमरलिंग ओन्नेस यांना ४.२ केल्व्हिनच्या सुमारास पाऱ्याचा रोध नाहीसा झालेला आढळला, तो एकाच दिशेने वाहणाऱ्या धारेसाठी. तेवढ्यापुरते वाक्य बरोबर आहे. ते सरसकट लागू करण्याला आमचा आक्षेप आहे.

धारा दिशा बदलू लागली की चित्र पालटते. अतिवाहकातील इलेक्ट्रॉनांच्या जोड्यांनाही जडत्व असते. त्यांना मागेपुढे हलवण्यासाठी विद्युतक्षेत्र लागते. ते क्षेत्र जोडीबाहेरच्या सुट्या इलेक्ट्रॉनांनाही हलवते आणि त्यातून उष्णता निर्माण होते. तापमान उतरवले की असे सुटे इलेक्ट्रॉन झपाट्याने कमी होतात. मग ऊर्जेचा ऱ्हासही जवळजवळ थांबेल, असे एखादा चौकस विद्यार्थी म्हणेल. त्याचा तर्क चुकीचा नाही, पण अपुरा आहे.

कणत्वरकांत मायक्रोवेव्ह लहरी कोंडण्यासाठी नायोबियमच्या पोकळ्या वापरतात. क्वांटम उपकरणांत अशा पोकळीत एखाददुसराच फोटॉन साठवायचा असतो. नायोबियमवर हवेमुळे काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर चढतो. त्यातील काही दोषस्थाने दोन जवळजवळ सारख्या स्थितींमध्ये ये-जा करतात आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा लहरींतून घेतात. अंगणात बादलीभर पाणी ओतले तर खळगे भरून उरलेले वाहून जाते, पेलाभर ओतले तर सगळे खळग्यांतच राहते. त्वरकातील तीव्र लहरींपुढे ही दोषस्थाने संपृक्त होतात, एकट्या फोटॉनला मात्र ती गिळून टाकतात.

अमेरिकेतील फर्मीलॅबमध्ये रोमानेन्को व सहकाऱ्यांनी पोकळ्या निर्वातात ३४० ते ४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवल्या आणि या थरामुळे होणारा ऱ्हास खूपच कमी केला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात फोटॉनचे आयुष्य २ सेकंदांपर्यंत पोहोचल्याची नोंद आहे. १.३ गिगाहर्ट्झ वारंवारतेला २ सेकंद म्हणजे किती आंदोलने, हा हिशेब वर्गात जरूर करून घ्यावा. उत्तर येते २६० कोटी!

हा आकडा सांगताना एक पथ्य मात्र पाळावे. त्या पोकळ्या रिकाम्या होत्या. माहिती साठवायची तर आत क्युबिट बसवावा लागतो आणि त्याच्याबरोबर ऱ्हासाच्या नव्या वाटा येतात. इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या गटाने २०२३ मध्ये क्युबिटसह पोकळीत एका फोटॉनचे सुमारे २५ मिलिसेकंद आयुष्य नोंदवले. तेही मोठेच यश आहे, पण दोन्ही आकडे एकाच मापाने मोजू नयेत.

शिक्षकांनी ते जुने वाक्य पुसून टाकावे असे आम्ही म्हणत नाही. ‘स्थिर धारेसाठी’ हे दोन शब्द आधी जोडावेत आणि मग विचारावे, ‘धारा उलटसुलट वाहू लागली तर?’ शून्य हा शब्द ऐकला की विद्यार्थ्यांचे प्रश्न थांबतात. क्वांटम उपकरणांवरचे आजचे बरेचसे संशोधन नेमके तिथूनच पुढे चालले आहे.