वादकाचे नाव

नृत्यवृंदातील वादकाने पुढे नभोवाणीचा निवेदक व्हावे, याचे ठळक उदाहरण लंडनचे आहे. ट्रम्पेटवादक जॅक जॅक्सन यांचा वृंद १९३० नंतरच्या दशकात डॉर्चेस्टर हॉटेलात वाजत असे. १९४८ पासून ते बी. बी. सी. वर ध्वनिमुद्रिकांचा कार्यक्रम सादर करू लागले. मुंबईत त्याच वाद्याचे समर्थ वादक होते हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट (१९१६–१९६७). ताजमहाल हॉटेलातील नृत्यसंगीताकडून ते चित्रपटाकडे वळले व सी. रामचंद्र यांचे साहाय्यक झाले. ‘अलबेला’त (१९५१) तर ते सवृंद पडद्यावरही दिसतात.

१९५२ मध्ये आकाशवाणीने चित्रगीतांची वेळ तोडली, तेव्हा श्रोता रेडिओ सिलोनकडे वळला. आर्णीसारख्या आडगावीही हा ट्रम्पेट पोहोचू शकला तो त्या मार्गाने. निवेदनात मात्र गायक, गीतकार आणि संगीतकार एवढ्यांचीच नावे येत. जॅक्सन यांना नभोवाणीने वाणी दिली. वाझ यांच्या वाट्याला नामोच्चारही क्वचितच आला.

आपल्या समीक्षेनेही निवेदकाचीच री ओढली. या गीतांवर ‘पाश्चात्त्यांचे अनुकरण’ असा शिक्का मारताना, ज्याचे अनुकरण झाले म्हणावयाचे त्या परंपरेचा वादक ध्वनिमुद्रणाच्या दालनातच उभा होता, हे तिने पाहिले नाही. अशा ठिकाणी ‘सहकर्तृत्व’ हाच शब्द योजावा लागेल.