हामिदला न कळलेले म्हातारपण

प्रेमचंदांची ‘ईदगाह’ (१९३३) आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या पुस्तकात वाचली. धड्याखालचा प्रश्न ठरलेला : हामिदच्या अंगी कोणते गुण दिसतात? उत्तरही ठरलेले : त्याग आणि समजूतदारपणा. आम्हाला हे उत्तर अपुरे वाटते. हामिद आपल्याला चटका लावतो तो त्याला सगळे कळते म्हणून नव्हे. काही गोष्टी त्याला मुळीच कळत नाहीत म्हणून.

हामिद चार-पाच वर्षांचा. बाप कॉलऱ्याने गेला, मागोमाग आई गेली. त्याची मात्र समजूत अशी की, अब्बाजान पैसे कमवायला गेलेत आणि अम्मीजान अल्लामियाँच्या घरून छान छान वस्तू आणायला. गेलेले माणूस परत येते, हा त्याचा हिशेब. कोकणात आखाती नोकरदारांची मुलेही बापाबद्दल हेच ऐकत वाढली. त्यांचे बाप सुट्टीला येत, एवढाच फरक. असा हिशेब मांडणाऱ्या मुलाला म्हातारपण कसे उमगावे? दादी अमीना त्याच्या लेखी अशीच होती आणि अशीच राहणार. पोराला तीन कोस पायी कसे धाडावे म्हणून ती कासावीस होते, तर हाच तिला धीर देतो. तिचे एकच दुखणे त्याला ठाऊक आहे : रोट्या काढताना तव्याने भाजणारा हात. त्यावर इलाज सोपा, तीन पैशांचा चिमटा.

घरात उरलेले पैसे आठ. तीन हामिदच्या खिशात, पाच अमीनाच्या बटव्यात. चिमटा हात वाचवील. वय थांबवणार नाही, गेलेला मुलगा परत आणणार नाही. हे वाचकाला कळते, अमीनालाही कळते. म्हणून दुपारपर्यंत उपाशी राहून हे काय आणलेस, असे रागावणारी दादी त्याचे उत्तर ऐकताच रडू लागते आणि पदर पसरून दुआ मागते.

आमची तक्रार आहे ती याच जागी. मूल म्हातारे झाले आणि म्हातारी मूल झाली, हे प्रेमचंद स्वतःच सांगून टाकतात. पसरलेला पदर पुरेसा होता. पुढे पाठ्यपुस्तकी वाचनाने तेवढेच उचलले आणि हामिदला शहाणा म्हातारा करून टाकले. पण दादीच्या आसवांमागचे गुपित हामिदला समजणार नाही, हेही प्रेमचंदांनी तिथेच नोंदवले आहे. ते सहसा कुणी वाचत नाही.

ते वाचले पाहिजे. आपल्या वस्त्यांत गॅरेजमध्ये, बेकरीत राबणाऱ्या पोरांना आपण कौतुकाने ‘समजदार’ म्हणतो. त्यांना समजदार व्हावे लागले, यात आपली शोभा नाही. हामिदचे अजाणपण हीच त्याची उरलेली ईद आहे. समीक्षेने तरी ती त्याच्याकडून काढून घेऊ नये.