व्हान एडेन यांचा स्वप्नविचार : सजगता, स्मरण आणि दुःस्वप्न

प्रास्ताविक

स्वप्न चालू असतानाच आपण स्वप्न पाहत आहोत, अशी जाणीव होणे म्हणजे सजग स्वप्न. त्यासाठी 'ल्युसिड ड्रीम' ही संज्ञा डच मनोविकारतज्ज्ञ व साहित्यिक फ्रेडरिक व्हान एडेन यांनी १९१३ मध्ये 'अ स्टडी ऑफ ड्रीम्स' या निबंधात योजिली. सजग स्वप्न हा दुःस्वप्नावरील हमखास उतारा होय, असे पुढील काळात अनेकदा सांगितले गेले. मूळ निबंधाच्या आधारे या दाव्याची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

निबंधातील साक्ष

व्हान एडेन यांनी १८९८ पासून अशा स्वप्नांची स्वतंत्र नोंद ठेवली. त्यांनी संकलित केलेल्या सुमारे ५०० स्वप्नांपैकी ३५२ सजग होती. ही चिकाटी हेच निबंधाचे खरे बळ होय. मात्र सजग स्वप्नांच्या आगेमागेच 'राक्षसी स्वप्ने' येतात, असेही ते नोंदवितात. त्या दुष्ट शक्ती दिसताच व त्यांची फसवणूक ओळखताच भीती ओसरते, असे त्यांचे म्हणणे आहे. म्हणजेच दिलासा मिळतो तो स्वप्नावरील हुकमतीमुळे नव्हे, तर ओळखीमुळे. परंतु या शक्तींना ते खऱ्याखुऱ्या मानतात. येथे निरीक्षकाची जागा श्रद्धाळू घेतो. त्यांचे निरीक्षण आणि त्यांनी दिलेले स्पष्टीकरण वाचकाने वेगळे ठेवणे आवश्यक आहे.

स्मरणाचा प्रश्न

जे आठवते तेच नोंदले जाते. ज्यांना स्वप्ने अधिक आठवतात ते सजग स्वप्नेही अधिक सांगतात, असे नंतरच्या सर्वेक्षणांत वारंवार आढळले. दुःस्वप्न तर झोपमोड करूनच संपते, त्यामुळे ते स्मरणात ठसते. म्हणून सजगता व दुःस्वप्न यांचे सान्निध्य काही अंशी स्मरणाचीच किमया असू शकते. उलट, 'हे खरे असणे शक्य नाही' असा विचार भीतीच्या टोकाला सुचून सजगता येणेही संभवते. तसे असेल तर दुःस्वप्न हे कारण आणि सजगता हा परिणाम ठरेल. केवळ सहसंबंधावरून यांपैकी कोणताही निर्णय देता येत नाही.

उपचाराची मर्यादा

स्पूरमाकर व व्हान डेन बाउट यांनी २००६ मध्ये २३ व्यक्तींवर केलेल्या प्राथमिक अभ्यासात सजग स्वप्नांच्या प्रशिक्षणानंतर दुःस्वप्नांची वारंवारता घटली. तथापि झोपेची गुणवत्ता आणि आघातोत्तर ताणाची तीव्रता यांत लक्षणीय सुधारणा दिसली नाही. शिवाय गुण नेमका सजगतेने आला, की भीतीला सामोरे गेल्याने, हेही अनिर्णीत राहिले.

समारोप

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. सजगतेच्या सरावाची सुरुवात बहुधा स्वप्नांची रोजनिशी ठेवण्यापासून होते. आघातग्रस्ताच्या बाबतीत अशी रोजनिशी विसरलेले भयही पुन्हा समोर आणू शकते. आणि 'स्वप्न तुमच्या हाती आहे' असे सांगितल्यास अपयशाचा दोषही त्याच्याच माथी येतो. व्हान एडेन यांचा निबंध सजगतेची शक्यता सिद्ध करतो. तिच्या सर्वसमर्थतेची ग्वाही मात्र देत नाही. त्यातील राक्षसी स्वप्नांची पाने वगळून केलेले वाचन हे अर्धे वाचन होय.